मरिकुप्पम : शेवटचे स्टेशन, बंद खाण

(बंगळुरूतील रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कामगारांच्या स्नेहमेळाव्यात एका निवृत्त आर.एम.एस. कर्मचाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मी वक्ता नव्हे. एकतीस वर्षे मेल व्हॅनमध्ये उभा राहून पत्रे खणांत टाकली, त्यामुळे तोंडापेक्षा हातच जास्त चालतो. कार्यवाहांनी सांगितले, सहलीचे काहीतरी हलकेफुलके सांगा. सहल खरीच झाली, पण ती हलकीफुलकी राहिली नाही. जे पाहिले ते जसेच्या तसे सांगतो.

आम्ही पाच जण होतो. तिघे टपालातले, दोघे रेल्वेतले. एका रविवारी पहाटे बंगळुरूहून मरिकुप्पमची गाडी पकडली. चेन्नईच्या वाटेवर सत्तर किलोमीटरवर बंगारपेट जंक्शन लागते. तिथून सोळा किलोमीटरचा एक फाटा निघतो आणि मरिकुप्पमला संपतो. पुढे रूळ नाहीत. हा फाटा प्रवाशांच्या सोयीसाठी टाकलेला नव्हता, तो सोन्यासाठी होता. कोलार गोल्ड फील्ड्स, आपण सगळे ज्याला के.जी.एफ. म्हणतो, ते हे गाव. सिनेमामुळे आता नाव घरोघर झाले आहे, पण सिनेमातली खाण वेगळी आणि ही वेगळी. आणखी एक सांगून ठेवतो, कारण आमच्यातलाच एक जण फसणार होता. कोलार शहर निराळे. खाणी तिथे नाहीत, त्या तीसेक किलोमीटर दूर आहेत. कोलार आपल्याला परके नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळुरूबरोबर कोलारही होते, आणि थोरले संभाजीराजे याच मुलखात वावरले. पण त्यांच्या काळात या जमिनीखाली किती सोने आहे याची कुणाला कल्पना नव्हती.

अगदीच नव्हती असेही नाही. आसपासचे गावकरी लहान लहान भुयारे खणून, माती धुऊन सोन्याचे कण काढत. १८०२ साली लेफ्टनंट जॉन वॉरन नावाचा ब्रिटिश फौजेतला अधिकारी म्हैसूरच्या सरहद्दीची मोजणी करायला आला, त्याने हे पाहिले आणि लिहून ठेवले. पुढे सत्तर वर्षे तो कागद पडून राहिला. मग मायकेल लव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने तो वाचला. हा बंगळुरूतच राहात होता, आजचा लव्हेल रोड त्याच्याच नावाचा. १८७५ साली त्याने खाणकामाचा परवाना मिळवला. पैसा पुरेना, म्हणून हक्क दुसऱ्यांकडे गेले, आणि १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने तिथे बस्तान बसवले. इतिहासाच्या पुस्तकांत 'कोलारचे सोने कोणी शोधले' या प्रश्नाला वॉरन आणि लव्हेल अशी दोन उत्तरे असतात. माती धुणाऱ्या गावकऱ्यांचे नाव कुणाला माहीत नाही.

मरिकुप्पमला उतरलो तेव्हा ऊन चढायला लागले होते. आमची गाडी उलट्या दिशेने परत जायला तयार होत होती आणि फलाटावर रविवार असूनही गर्दी होती. आम्हाला न्यायला एक गृहस्थ आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. चॅम्पियन रीफच्या खाणीत ड्रिलवर काम केलेले. मूळचे उत्तर अर्काट जिल्ह्याचे, घरची भाषा तमीळ. तिथल्या बहुसंख्य खाणकामगारांची तीच, आणि त्यांतले बहुतेक दलित. गावी जमीन नाही, सावली पडली तरी विटाळ, म्हणून आजोबा खाणीत आले आणि तिसरी पिढी खाणीतच म्हातारी झाली. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना नुसते अय्या म्हणतो. ते तमीळ-कन्नड मिसळून बोलत, आमचा रेल्वेतला साथी मराठीत सांगे.

चाल फार नव्हती. तीन-चार किलोमीटर असेल. स्टेशनातून बाहेर पडलो की कामगारांच्या लाइनी लागतात. बुटक्या खोल्या एकाला एक चिकटून, मध्ये अरुंद बोळ. परळ-लालबागची चाळ ज्याने पाहिली आहे त्याला ओळख पटेल, फक्त इथे मजले नाहीत. थोडे पुढे शाफ्टचे लोखंडी मनोरे दिसतात, वरची मोठी चाके तशीच आहेत. याच चाकांवरून वायररोप फिरायचा आणि पिंजरा खाली जायचा. एका मनोऱ्याजवळ अय्या थांबले. हात वर करून चाक दाखवले आणि म्हणाले, घरात बसून आम्हाला कळायचे, चाकाचा आवाज बदलला की खाली काहीतरी झाले आहे. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

किती खाली? चॅम्पियन रीफची खाण सुमारे ३,२०० मीटर खोल गेली होती. एके काळी जगातल्या सर्वांत खोल खाणींत तिची गणना होती. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचून उलटे जमिनीत रोवले, तर टोक जिथे पोहोचेल तिथे माणसे पाळीवर जात होती. तळाशी खडकाचे तापमान ६५ अंशांच्या पुढे. थंड हवा सोडण्यासाठी मोठी यंत्रणा बसवली होती, तरी अंगावर कपडा ठेवणे कठीण. आणि त्याहून वाईट म्हणजे खडकाचा स्फोट. एवढ्या खोलीवर वरच्या डोंगराएवढ्या दगडाचा भार असतो. खणून पोकळी केली की तो भार बाजूच्या भिंतींवर येतो, आणि एखाद्या क्षणी भिंत बंदुकीच्या गोळीसारखी फुटते. सुरुंग नाही, ठिणगी नाही, दगडच फुटतो. वर घरांच्या भिंतींना हादरे बसत. अय्यांनी दोनदा अनुभवले. तिसऱ्या वेळी ते पाळीवर नव्हते, त्यांचा शेजारी होता. एवढेच सांगितले आणि पुढे चालायला लागले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही गेलो होतो ती. गावाच्या कडेला मोठमोठ्या टेकड्या दिसतात. पांढुरक्या, मधूनच पिवळसर, पावसाने उभ्या घळी पाडलेल्या. लांबून पाहिले तर राजस्थानात आल्यासारखे वाटते. झाड नाही, बहुतेक ठिकाणी गवताची काडी नाही. वारा सुटला की माथ्यावरून धुराचा लोट निघाल्यासारखा दिसतो. सिनेमावाल्यांना हे वाळवंट फार आवडले, २०१८च्या त्या गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण इथेच झाले. पण हे वाळवंट देवाने केलेले नाही. लोक याला सायनाइडच्या टेकड्या म्हणतात.

त्या कशा झाल्या हे समजून घ्या. खालून आणलेला गारगोटीचा दगड दळून पिठासारखा बारीक करायचा. पाऱ्यात जेवढे सोने धरले जाईल तेवढे धरायचे. उरलेल्या लगद्यातले सोने सायनाइडच्या पाण्यात विरघळवायचे आणि जस्त घालून परत मिळवायचे. मग उरलेला लगदा बाहेर टाकायचा. असे एकशेवीस वर्षे चालले. सोने निघाले सुमारे ८०० टन. आणि बाहेर पडलेली धूळ? तेरा ढिगाऱ्यांत मिळून तीन कोटी तीस लाख टनांच्या आसपास. परत येताना गाडीत आम्ही तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. जुन्या तोळ्यामागे ढोबळ मानाने पावणेपाचशे किलो धूळ. आपल्या घरातल्या बाईच्या गळ्यात दोन तोळ्यांचे मंगळसूत्र असेल, तर कुणाच्या तरी दाराशी साडेनऊशे किलोचा ढीग आहे.

आमच्यातल्या तरुण साथीला वर चढून फोटो काढायचा होता. अय्यांनी हात धरला. म्हणाले, वारा आहे, आज नाही. सायनाइड उन्हापावसात बरेचसे विरून जाते, त्याची भीती पूर्वीइतकी नाही. पण दगडाचे बारीक पीठ आणि त्यातले जड धातू कुठे जातात? ते अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर येतात, विहिरीत उतरतात आणि छातीत जातात. आम्ही पायथ्याच्या वाटेने अर्धा फेरा मारला, नाकावर ओला रुमाल बांधून. अर्ध्या तासात चपलांवर आणि भुवयांवर पांढरी पूड बसली.

छातीत जाण्याचे मी उगाच बोललो नाही. सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुस कठीण होत जाणे. या रोगाचा आपल्या देशातला इतिहास लिहिताना डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांत कोलारच्या खाणींचे नाव येते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७,६५३ कामगार तपासले होते आणि त्यांतल्या ४३.७ टक्के लोकांना हा रोग आढळला. म्हणजे शंभरांतले जवळजवळ चव्वेचाळीस. हा रोग बरा होत नाही. खाणीवरून निवृत्त झालेला माणूस जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबतो, त्याचे कारण वय नसते.

याच गावाला लिटल इंग्लंड म्हणत. क्लब, गोल्फचे मैदान, साहेबांचे बंगले, चर्च. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्यापासून १४७ किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली. एवढ्या लांब वीज नेण्याची ही त्या काळी जगातल्या मोठ्या कामांत मोजली गेलेली गोष्ट होती. बंगळुरूच्या रस्त्यावर विजेचा दिवा लागला तो १९०५ साली, खाणीनंतर तीन वर्षांनी. या विजेने पाणी उपसले, दगड दळला, पिंजरे ओढले, बंगले उजळले. आम्ही पाहिलेल्या लाइनींत ती त्या दिवशी पोहोचली नव्हती.

पण या लोकांनी मुकाट्याने सोसले असे समजू नका. आपल्या चळवळीत गिरणीचा, रेल्वेचा इतिहास सांगितला जातो, कोलारचा क्वचितच. १९३० साली व्यवस्थापनाने फर्मान काढले, प्रत्येक कामगाराने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी. सोने चोरीला जाते, हे कारण. कामगार म्हणाले, आम्ही गुन्हेगार नाही. खाणी थांबल्या. काही आठवडे संप चालला आणि फर्मान मागे घ्यावे लागले. आज सकाळी कार्यालयात गेल्यावर मशीनवर अंगठा टेकवताना मला हटकून ती आठवण व्हायची. मी टेकवत होतो, नाही म्हणत नाही. मग १९४६. त्या वर्षी जुलैत आपल्या टपाल कामगारांचा देशव्यापी संप झाला, आमच्या जुन्या मंडळींनी त्याच्या कथा सांगितलेल्या आहेत. त्याच वर्षी कोलारच्या कामगारांनीही संप केला, आणि ४ नोव्हेंबरला पोलिसांनी गोळीबार केला. सहा कामगार मारले गेले. अय्या तेव्हा जन्मलेही नव्हते, पण तारीख त्यांना तोंडपाठ होती.

पुढचा भाग आपल्या जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर बोलतो. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली. एके काळी तीस हजारांवर माणसे कामाला होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी शेवटची पाळी झाली तेव्हा तीन-चार हजारांच्या दरम्यान उरली होती.

खाण बंद झाली ती निव्वळ कुणाच्या कटामुळे, असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात एका टन दगडातून चाळीस ग्रॅमहून अधिक सोने मिळे, अखेरीस तीन-चार ग्रॅमवर आले. दगड खोल गेला, त्याला वर आणण्याचा खर्च वाढला. ही वस्तुस्थिती आहे आणि ती नाकारून चळवळ चालत नाही. पण तोटा नुसता दगडात तयार होत नाही, तो वहीतही तयार होतो. राष्ट्रीयीकरणानंतर वर्षानुवर्षे इथले सोने सरकार आंतरराष्ट्रीय दराने घेत असे, आणि देशातल्या बाजारात भाव त्याहून पुष्कळ चढा होता. म्हणजे झवेरी बाजारात ज्याला जास्त पैसे पडत, तोच माल खाणीच्या वहीत स्वस्तात खर्ची पडे. वर्षाअखेरीस खाण तोट्यात. मग जुलै १९९१ आला. परकीय चलन संपले म्हणून देशाने सुमारे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण टाकले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले होते, तुम्हाला आठवत असेल. त्याच्या पुढच्याच वर्षी देशाची ही सोन्याची खाण आजारी उद्योगांच्या मंडळापुढे उभी केली गेली. २००० साली गुंडाळण्याची शिफारस झाली, २००१च्या जानेवारीत बंद करण्याचा हुकूम निघाला. कामगारांनी सहकारी संस्था काढून आम्हीच चालवतो म्हटले, कोर्टात गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जागतिक निविदेचा सरकारचा मार्ग मोकळा केला. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्या तेरा ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. जी धूळ फुकट म्हणून लोकांच्या दाराशी टाकली होती, तिची किंमत आता निघते आहे. धूळ पुन्हा उकरताना ती कुणाच्या घरात जाणार, हे विचारायला अय्यांचे तरुण शेजारी निवेदने लिहीत आहेत. एक मला दाखवले. मी टपालातला माणूस, मी फक्त पत्ता बरोबर आहे का ते पाहिले.

एक गोष्ट सांगायची राहिली. हीच खाण विज्ञानाच्याही कामी आली. वरून येणारे विश्वकिरण एवढ्या खोलवर अडतात, म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर इथे प्रयोग मांडले. १९६५ साली वातावरणातले न्यूट्रिनो जगात प्रथम ज्या दोन ठिकाणी सापडले, त्यांतले एक ठिकाण हे. अय्यांना न्यूट्रिनो माहीत नव्हता. मलाही घरी येऊन मुलीला विचारावे लागले. पण त्यांना एवढे आठवत होते की मुंबईची माणसे यंत्रे जपून नेण्यासाठी पिंजरा हळू सोडायला सांगत, आणि खाली त्यांच्याइतकेच घामाघूम होत.

अय्यांच्या घरी जेवलो. रागीचे मुद्दे आणि सारू. लाइनीतलीच खोली, मागे पत्र्याची पडवी वाढवलेली. घर अजून नावावर झालेले नाही, कागद फिरतो आहे. नुकसानभरपाईचे पैसे आले होते ते मुलीच्या लग्नात आणि छपरात गेले. मुलगा बंगळुरूला एका इमारतीत सुरक्षारक्षक आहे. पहाटेची गाडी धरतो, रात्रीच्या गाडीने येतो, जाऊन-येऊन पाच तास. गल्लीतल्या प्रत्येक घरातला एक तरी माणूस असाच. खाण गेली, गाव उठले नाही ते या गाडीमुळे. १९६४ साली निघालेल्या बी.ई.एम.एल. कारखान्याने काहींना धरून ठेवले, पण त्याच्या दारातून सगळे आत जाऊ शकत नव्हते.

जेवताना आमच्या रेल्वेतल्या साथीने एक विचारले, ते मला सुचले नसते. तो म्हणाला, या फाट्याचा हिशेब स्वतंत्र मांडला तर काय दिसेल? स्वस्त पासवाले प्रवासी, पुढे गाव नाही, मालगाडी नाही. तोटाच दिसेल. मग एखाद्या दिवशी कुणीतरी वही उघडून म्हणेल, सोळा किलोमीटर कशाला चालवता? माझ्या खात्यातही मी हे पाहिले आहे. तार २०१३ साली गेली, कागदी मनिऑर्डर २०१५ साली. याच गावातून दर पगाराला मनिऑर्डरींचे गठ्ठे उत्तर अर्काटात जात, अय्यांचे वडील पाठवत. वहीत कमिशनची रक्कम दिसे. पलीकडे त्या दिवशी चूल पेटली की नाही, ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचे? म्हणून माझी विनंती आहे की आपल्या फेडरेशनने कुठल्याही शाखा-मार्गाच्या किंवा छोट्या पोस्ट ऑफिसच्या बंदीवर चर्चेला बसताना नुसता आपला माणूस किती कमी होतो एवढेच मांडू नये. त्या गाडीत कोण बसतो, त्या खिडकीशी कोण उभा राहतो, त्याची मोजणी आपणच करून न्यावी. कोलारात ती मोजणी कामगारांनी केली, पण खाण बंद झाल्यानंतर.

कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. पावसाळा संपल्यावर जा, उन्हाळ्याच्या वाऱ्यात नको. पायात बूट घाला, पाणी बरोबर न्या. शाफ्टच्या कुंपणाच्या आत जाऊ नका, जुनी तोंडे कुठे कुठे नुसत्या झुडपांनी झाकलेली आहेत. टेकडीवर चढायचा मोह झाला तर तिथे राहणाऱ्या कुणाला तरी आधी विचारा. आणि तिकीट काढताना के.जी.एफ. मागू नका, त्या नावाचे स्टेशन नाही. मरिकुप्पम म्हणा. परतीच्या गाडीत बंगारपेटपर्यंत जागा मिळेल, पुढे उभे राहावे लागेल.